खूण कशाची? ओकेटी-९ या प्रतिपिंडाचा इतिहास

आज आपण एका अगदी छोट्या वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. ही वस्तू म्हणजे प्रयोगशाळेत वापरलं जाणारं एक प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी. त्याचं नाव ओकेटी-९. औषधाच्या दुकानात हे नाव दिसणार नाही, पण पेशींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ते चाळीसहून अधिक वर्षं वापरात आहे. पेशीच्या पृष्ठभागावर लोह आत घेणारं एक प्रथिन असतं, त्याला हे प्रतिपिंड जाऊन चिकटतं.

आज हे असं एका वाक्यात सांगता येतं. पण ज्यांनी ते तयार केलं त्यांना तेव्हा हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती रक्ताच्या कर्करोगातल्या काही पेशी ओळखण्याची खूण होती. खूण होती हे खरं, पण कशाची? या प्रश्नाचं उत्तर मिळायला वर्षभर लागलं. त्या उत्तराचे सगळे परिणाम लक्षात यायला मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं गेली, आणि मध्ये रुग्णांवरचे उपचारही त्यावर अवलंबून राहिले. म्हणून हा इतिहास केवळ प्रयोगशाळेपुरता नाही.

सुरुवात लोहापासून करू. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, एखाद्या लहान खिळ्याएवढं. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं. लोहाशिवाय रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, आणि लोहाशिवाय पेशीला नवा डीएनए बनवता येत नाही, कारण डीएनएचे घटक तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला लोह लागतं. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडणार आहे. पण लोह हा जपून ठेवायचा ऐवज आहे. मोकळं सुटलं तर ते पेशीतल्या प्रथिनांना आणि आवरणांना इजा करतं. शिवाय रक्तात मोकळं लोह फिरत असेल तर जंतूंचंही चांगलंच फावतं. म्हणून शरीर लोहाला एकट्याने फिरू देत नाही, त्याच्याबरोबर कायम एक राखणदार असतो.

हा राखणदार सापडला तो जंतूंच्याच अभ्यासातून. आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या दोघांना १९४४ साली दिसलं, की अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या भागात जंतूंची वाढ रोखली जाते, आणि त्यात लोह मिसळलं की ते पुन्हा वाढू लागतात. म्हणजे त्या पांढऱ्या भागात लोह घट्ट धरून ठेवणारं काहीतरी आहे. १९४६ साली त्यांनी तसाच पदार्थ माणसाच्या रक्तद्रवात दाखवला. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी त्याला 'ट्रान्सफेरिन' हे नाव दिलं. लोहाची ने-आण करणारा, असा त्याचा अर्थ.

आता जरा हिशेब करू. ट्रान्सफेरिनच्या एका रेणूवर लोहाचे दोन अणू बसतात. कोणत्याही क्षणी रक्तातल्या सगळ्या ट्रान्सफेरिनवर मिळून जेमतेम ३-४ मिलिग्रॅम लोह असतं. पण अस्थिमज्जेला नव्या लाल पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. तिथे दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी तयार होत असतात. अन्नातून मात्र रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅमच आत येतं. बाकीचं म्हाताऱ्या लाल पेशी मोडून परत मिळवलेलं असतं. याचा अर्थ, ट्रान्सफेरिनला दिवसभर खेपांवर खेपा कराव्या लागतात. मग पुढचा प्रश्न येतो: ही गाडी माल उतरवते कुठे?

बोस्टनमध्ये जांडल आणि कॅट्झ यांनी १९६३ साली या खेपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वापरल्या त्या कोवळ्या लाल पेशी, ज्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात. या पेशी अजून हिमोग्लोबिन बनवत असतात, म्हणून लोहासाठी हपापलेल्या असतात. ट्रान्सफेरिन त्यांना येऊन चिकटतं, लोह देतं आणि मोकळं होऊन पुन्हा रक्तात जातं, असं दिसलं. प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन वापरून पेशीचा पृष्ठभाग सोलून काढला, की त्यांची लोह घेण्याची क्षमता जाते, हेही त्या काळच्या प्रयोगांतून समोर आलं. निष्कर्ष सरळ होता. पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिनला ओळखणारं, स्वतः प्रथिनच असलेलं काहीतरी आहे. त्याला म्हणायचं रिसेप्टर, म्हणजे ग्राही.

आहे हे कळलं, पण ते हाती लागेना. पेशीच्या पृष्ठभागावर शेकडो प्रकारची प्रथिनं असतात. त्यांतलं नेमकं एक बाहेर काढायचं तर त्याला धरणारा चिमटा हवा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही गटांनी ट्रान्सफेरिनलाच चिमटा बनवून हे प्रथिन पकडलं. माणसाची वार या कामी सोयीची ठरली, कारण गर्भाला लागणारं सगळं लोह आईच्या रक्तातून वारेमार्गे जातं आणि तिथे हे रिसेप्टर भरपूर असतात. रिसेप्टरचे दोन सारखे भाग एकमेकांना जोडलेले असतात, आणि प्रत्येकाचं वजन साधारण ९० हजार डाल्टन असतं, हे स्पष्ट होत गेलं. हा ९० हजारांचा आकडा ध्यानात ठेवा.

इथवरची मंडळी लोहाचा शोध घेत होती. आता आपण वळणार आहोत दुसऱ्या वाटेकडे, जिथे लोहाचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता.

१९७५ साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जॉर्जेस कोलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी एक युक्ती साधली. उंदराला बाहेरचा पदार्थ टोचला की त्याच्या प्लीहेत प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तयार होतात. अडचण अशी, की त्या बाहेर काढल्या की थोड्या दिवसांत मरतात. उलट, कर्करोगाच्या पेशी काचेच्या भांड्यात न थांबता वाढत राहतात. या दोघांनी दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून एकजीव केल्या. तयार झालेल्या संकरित पेशीला म्हणतात हायब्रिडोमा. ती मरत नाही, आणि कायम एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवत राहते. त्यालाच मोनोक्लोनल प्रतिपिंड म्हणतात. या युक्तीचं पेटंट घेतलं गेलं नाही. मिल्स्टाइन यांनी मूळ पेशी मागणाऱ्या प्रयोगशाळांना पाठवल्या, आणि पाच-सहा वर्षांत हे तंत्र जगभर पसरलं. १९८४ साली दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं.

या तंत्रामुळे संशोधनाची रीतच उलटी झाली, हे नीट समजून घेऊ. पूर्वी आधी प्रथिन शुद्ध करायचं आणि मग त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवायचं, असा क्रम होता. आता काहीच शुद्ध करायची गरज उरली नाही. माणसाची अख्खी पेशी उंदराला टोचायची. उंदराच्या दृष्टीने त्या पेशीवरचं जवळपास सगळंच परकं, म्हणून तो शेकडो गोष्टींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतो. मग एकेक हायब्रिडोमा वेगळा करून तपासायचा: याचं प्रतिपिंड कोणत्या पेशींना चिकटतं आणि कोणत्या पेशींना नाही? निवडलेलं प्रतिपिंड नेमकं कशाला चिकटतं, हे कळण्याआधीच ते वापरता येऊ लागलं. थोडक्यात, किल्ली आधी हातात आली. कुलूप शोधायचं काम नंतर.

न्यू जर्सीतल्या ऑर्थो या औषध कंपनीत पॅट्रिक कुंग आणि गिडियन गोल्डस्टाइन यांनी अशी एक मालिकाच तयार केली. ओ म्हणजे ऑर्थो, के म्हणजे कुंग, आणि टी म्हणजे टी-पेशी, अशी त्या नावाची फोड सांगितली जाते. टी-पेशी म्हणजे आपल्या प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींचा एक मोठा गट. बोस्टनमध्ये एलिस राइनहर्झ आणि स्टुअर्ट श्लॉसमन यांच्या गटाने या प्रतिपिंडांच्या मदतीने टी-पेशींच्या वाढीचे टप्पे लावायला सुरुवात केली. याच मालिकेतलं ओकेटी-३ पुढे मूत्रपिंड प्रत्यारोपणात औषध म्हणून वापरलं गेलं. ओकेटी-४ हे नाव, त्यातून आलेल्या सीडी-४ या चाचणीमुळे, एचआयव्हीच्या रुग्णांच्या रोजच्या आयुष्यात शिरलं. आपला विषय आहे मालिकेतला नववा.

१९८० साली राइनहर्झ आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की थायमस ग्रंथीत टी-पेशी घडत असताना अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच्या थोड्या पेशींवर टी-९ ही खूण दिसते, आणि टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियातही ती सापडते. प्रौढ, शांत टी-पेशींवर ती दिसत नाही. तेव्हा लावलेला अर्थ असा, की ही 'कोवळेपणाची' खूण आहे, टी-पेशीच्या बालपणाची. ल्युकेमियाची पेशी बालपणातच अडकलेली, म्हणून तिच्यावरही ती आहे. चित्र सुरेख जुळत होतं.

पण इतरांनी हेच प्रतिपिंड दुसऱ्या पेशींवर लावून पाहिलं आणि चित्र विस्कटलं. टी-पेशींशी काहीही संबंध नसलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या कितीतरी गाठींच्या पेशींना ओकेटी-९ चिकटत होतं. वारेला चिकटत होतं. गर्भाच्या यकृतातल्या रक्त घडवणाऱ्या पेशींना चिकटत होतं. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे, निरोगी माणसाच्या शांत पांढऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांना विभाजनाची चेतना दिली, की एक-दोन दिवसांत त्यांच्यावरही ही खूण उगवायची. म्हणजे खूण टी-पेशीची नव्हती, बालपणाची नव्हती, आणि कर्करोगाचीही नव्हती. जी पेशी वाढते आहे, दुभंगते आहे, तिच्यावर ती होती. मग वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला असं काय लागतं?

१९८१ साली या प्रश्नाचं उत्तर थोड्याच महिन्यांच्या अंतराने अनेक ठिकाणांहून आलं. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये इयन ट्रोब्रिज आणि ओमरी यांच्याकडे बी-३/२५ नावाचं स्वतःचं प्रतिपिंड होतं. लंडनच्या इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडात मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटातले सदरलँड आणि सहकारी ओकेटी-९ वर काम करत होते. गोडिंग आणि बर्न्स यांनीही ओकेटी-९ चा माग काढला. सगळ्यांना आधी एक गोष्ट दिसली: ही प्रतिपिंडं ज्या प्रथिनाला धरतात, त्याचे दोन सारखे भाग एकमेकांना जोडलेले आहेत, आणि प्रत्येकाचं वजन आहे सुमारे ९० हजार. हा तोच आकडा, जो लोहाच्या वाटेने गेलेल्या लोकांना मिळाला होता.

पण वजन जुळलं म्हणजे ओळख पटली असं होत नाही. एकाच उंचीची दोन माणसं एकच नसतात. खरा पुरावा असा होता. पेशींना किरणोत्सारी खूण लावलेलं ट्रान्सफेरिन द्यायचं, म्हणजे ते आपल्या रिसेप्टरला जाऊन बसेल. मग पेशी साबणासारख्या द्रावणाने विरघळवायच्या आणि त्यात प्रतिपिंड टाकून त्याने धरलेलं प्रथिन खाली बसवायचं. खाली बसलेल्या गाळात किरणोत्सार सापडला. प्रतिपिंड स्वतः ट्रान्सफेरिनला धरत नाही. तरीही ट्रान्सफेरिन त्याच्याबरोबर खाली आलं, कारण प्रतिपिंडाने ज्याला धरलं होतं, त्याला ट्रान्सफेरिन आधीच चिकटलेलं होतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती चुकवू नका. ओकेटी-९ आणि बी-३/२५ ही दोन्ही प्रतिपिंडं रिसेप्टरवर ट्रान्सफेरिनच्या बसण्याच्या जागेपासून बाजूला चिकटतात. म्हणूनच दोघं एकाच वेळी त्यावर राहू शकले आणि हा प्रयोग जमला. त्यांनी ट्रान्सफेरिनची जागाच अडवली असती, तर गाळात काहीच आलं नसतं. ही ओळख सगळ्यांत सोप्या पद्धतीने पटवता आली, ती प्रतिपिंड कुठे चिकटतं या निव्वळ योगायोगामुळे.

अशा रीतीने दोन वाटा एकत्र आल्या. वाढणाऱ्या पेशीला नवा डीएनए बनवायला लोह हवं, म्हणून ती लोहाची दारं वाढवते. ओकेटी-९ ज्याला चिकटत होतं ते हे दार होतं. ती खूण रोगाची नव्हती, भुकेची होती.

हे उत्तर ऐकायला समाधानकारक वाटतं. पण कर्करोगावर काम करणाऱ्यांसाठी त्यात आशा आणि अडचण दोन्ही एकदमच आल्या. आशा अशी: गाठीच्या पेशींवर ही दारं भरपूर असतात, मग तिथूनच त्यांना मारता येईल का? ट्रोब्रिज यांनी १९८१ सालीच बी-३/२५ ला एरंडाच्या बीमधल्या रिसिनसारख्या विषाचा तुकडा जोडून पाहिला आणि त्याने काचेतल्या गाठींच्या पेशी मारता आल्या. १९८२ साली त्यांनी आणि लोपेझ यांनी ४२/६ हे आणखी एक प्रतिपिंड प्रसिद्ध केलं. हे मात्र ट्रान्सफेरिनची जागाच अडवणारं होतं. ते टाकलं की लोह आत जाईना आणि पेशींची वाढ थांबे. पुढच्या वर्षी नेकर्स आणि कॉसमन यांनी याच ४२/६ ने दाखवलं, की चेतवलेल्या टी-पेशींचं दार अडवलं तर त्यांना डीएनए बनवताच येत नाही.

आणि अडचण? ती याच उत्तरात दडलेली होती. भुकेलेली पेशी म्हणजे फक्त गाठीची पेशी नव्हे. अस्थिमज्जाही भुकेलेली असते. रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह तीच तर मागते. ४२/६ ची रुग्णांवरची पहिली चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. इतर उपचार थकलेल्या रुग्णांना ते देण्यात आलं. रुग्णांनी ते बऱ्यापैकी सहन केलं, काही रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत थोडा, पण तात्पुरता परिणाम दिसला, आणि काहींच्या शरीराने उंदराच्या या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडं बनवली. त्यातून औषध काही झालं नाही. या चाचणीला नुसतं अपयश म्हणून सोडून देणं आम्हाला बरोबर वाटत नाही. ज्या दारातून गाठ जेवते, त्याच दारातून शरीरही जेवतं, ही गोष्ट तिथे रुग्णांच्या शरीरात तपासली गेली.

दरम्यान प्रतिपिंडांचा दुसरा उपयोग बहरत होता, साधन म्हणून. दाराला किरणोत्सारी प्रतिपिंड लावा किंवा सोन्याचे सूक्ष्म कण जोडलेलं प्रतिपिंड लावा, मग ते दार पेशीत कुठे जातं ते पाहता येतं. १९८३ च्या सुमाराला हा प्रवास उलगडला. रिसेप्टर ट्रान्सफेरिनसकट आत ओढला जातो आणि एका छोट्या पिशवीत पडतो. ती पिशवी आम्लधर्मी असते. त्या आंबट वातावरणात लोह सुटतं, पण रिकामं ट्रान्सफेरिन रिसेप्टरला धरूनच राहतं. दोघं मिळून पृष्ठभागावर परततात आणि बाहेरच्या नेहमीच्या वातावरणात ट्रान्सफेरिन सुटून पुढच्या खेपेला निघतं. ही सगळी फेरी काही मिनिटांत पुरी होते. पेशी आपला माल आत कसा घेते हे शिकवताना आजही जगभर हेच उदाहरण घेतात.

मग एक अनपेक्षित फाटा फुटला. लाल पेशी पक्व झाली की तिला लोह नको असतं, आणि दारंही नको असतात. मग ती दारं जातात कुठे? मॉन्ट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन आणि पॅन यांनी मेंढीच्या कोवळ्या लाल पेशींवर रिसेप्टरविरुद्धचं प्रतिपिंड लावून त्यांचा माग काढला. १९८३ साली त्यांना दिसलं, की पेशी ती दारं मोडून टाकत नाही, तर बारीक पिशव्यांत भरून सरळ बाहेर टाकते. त्याच वर्षी सेंट लुइसमधल्या एका गटाने उंदरांच्या पेशींत तसंच काहीसं पाहिलं. या पिशव्यांना पुढे 'एक्सोसोम' हे नाव मिळालं. तेव्हा हा पेशीचा केर वाटला होता. आज पेशी एकमेकींना निरोप कसे देतात याचा शोध घेणारी एक मोठी शाखा त्यावर उभी आहे.

तिसरा फाटा मेंदूकडे जातो. १९८४ साली ऑक्सफर्डमध्ये जेफरीज आणि सहकाऱ्यांनी ओएक्स-२६ हे प्रतिपिंड उंदराच्या मोठ्या जातीवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटवर, लावून पाहिलं. मेंदूच्या केशवाहिन्यांवर ही लोहाची दारं ठळकपणे दिसली. इतर बहुतेक अवयवांच्या केशवाहिन्यांवर ती दिसली नाहीत. याचं महत्त्व असं, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट असते, की बहुतेक मोठी औषधं आत शिरतच नाहीत. पण मेंदूलाही लोह लागतंच, त्यासाठी तिथे हे दार आहे. मग औषधाला प्रतिपिंड जोडून याच दाराने आत नेता येईल का? १९९१ साली दोन गटांनी हे शक्य असल्याचं प्राण्यांत दाखवलं.

पुढे वीस वर्षं गाडी अडखळत राहिली. २०११ साली जेनेन्टेक कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की प्रतिपिंडाची पकड फार घट्ट असेल तर ते भिंतीतच अडकून राहतं. थोडी सैल पकड असेल तर ते पलीकडे सुटतं. नंतर २०१३ साली त्यांनीच इशारा दिला, की अशा प्रतिपिंडांनी उंदरांतल्या कोवळ्या लाल पेशी नष्ट होऊ शकतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. जांडल आणि कॅट्झ यांनी १९६३ साली ज्या पेशींवर काम केलं, त्याच या भुकेल्या पेशी. ही अडचण ओळखून रेणूंची रचना बदलावी लागली. मार्च २०२१ मध्ये जपानने हंटर सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी असं एक औषध मंजूर केलं. त्यात कमी पडणारं विकर मानवी रिसेप्टरला धरणाऱ्या प्रतिपिंडाला जोडलेलं आहे, आणि ते मेंदूपर्यंत पोहोचावं हाच त्याचा हेतू आहे.

आता या गोष्टीचा आपल्याकडे, भारतात, संबंध येतो का? येतो, आणि तो दोन ठिकाणी.

एक म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पण हिमोग्लोबिन कमी आहे म्हणजे लोह कमी आहे असं प्रत्येक वेळी नसतं. लोहाच्या साठ्याचा अंदाज फेरिटिनवरून घेतात, पण शरीरात संसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन वाढतं आणि कमतरता झाकली जाते. इथे आपलं दार मदतीला येतं. लोहासाठी भुकेली पेशी जास्त दारं बनवते, आणि दाराचा बाहेरचा भाग तुटून काही प्रमाणात रक्तात उतरतो. प्रतिपिंडांच्या साहाय्याने तो मोजता येतो. १९९० साली अमेरिकेतल्या स्किकने, फ्लॉवर्स आणि कुक यांनी दाखवलं, की ऊतींमधली लोहाची कमतरता त्यावरून मोजता येते. दाहाचा त्यावर फेरिटिनइतका परिणाम होत नाही. अर्थात थॅलेसेमियासारख्या आजारात लाल पेशी घडवण्याचं काम वाढलं तरी हा आकडा वाढतो, म्हणून तो एकटा वाचून चालत नाही.

दुसरं म्हणजे हिवताप. आपल्याकडे आढळणारा व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी फक्त कोवळ्या लाल पेशींत शिरतो, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. तो कोवळी पेशी ओळखतो कशी, याचं उत्तर २०१८ साली मेलबर्नमधल्या गटाने दिलं. या परजीवीचं एक प्रथिन ट्रान्सफेरिन रिसेप्टरलाच धरतं. पक्व होताना लाल पेशी ही दारं बाहेर टाकते, म्हणून पक्व पेशी या परजीवीच्या तडाख्यातून सुटते. जॉनस्टोन यांच्या मेंढीच्या प्रयोगाचा धागा असा हिवतापापर्यंत येतो.

शेवटी एका अलीकडच्या प्रयोगाकडे येऊ. २०२० साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाला 'फेरोप्टोसिस' ओळखणारं प्रतिपिंड हवं होतं. हा पेशीमृत्यूचा एक प्रकार, ज्यात लोहामुळे पेशीचं आवरण बिघडतं. त्यांनी काय केलं? अशा मरू घातलेल्या पेशींची आवरणं उंदरांना टोचली आणि मिळालेली सुमारे ४,७५० प्रतिपिंडं एकेक करून तपासली. त्यांतलं एक नेमकं काम करणारं निघालं. ते कशाला चिकटतं, याचा शोध घेतल्यावर उत्तर आलं: ट्रान्सफेरिन रिसेप्टर. चाळीस वर्षांनी तीच रीत आणि तेच दार. म्हणजे अजूनही आपण आधी किल्ली बनवतो आणि मग कुलूप शोधतो.

यातून काय घ्यायचं? आज या प्रथिनाचं अधिकृत नाव आहे सीडी-७१, आणि बाजारात त्याच्याविरुद्धची कितीतरी प्रतिपिंडं मिळतात. सगळ्या बाटल्यांवर नाव एकच. पण ओकेटी-९ दाराच्या बाहेरच्या भागाला धरतं, म्हणून जिवंत पेशींवर चालतं. एच-६८.४ नावाचं दुसरं प्रतिपिंड पेशीच्या आत असलेल्या शेपटीला धरतं, म्हणून जिवंत पेशीवर बाहेरून लावलं तर काहीच दिसणार नाही. ४२/६ दार अडवतं, ओकेटी-९ अडवत नाही. ओएक्स-२६ रॅटमध्ये चालतं, पण माऊस जातीच्या उंदरात चालत नाही. प्रयोगशाळेत शिकणाऱ्या आपल्यापैकी कुणी ही बाटली हातात घेतली, तर नावापाशी थांबू नये. हे प्रतिपिंड प्रथिनाच्या कोणत्या भागाला धरतं, कोणत्या प्राण्यात, आणि हे कुणी, कसं दाखवलं, ते पाहावं.

कारण प्रतिपिंडाला फक्त आकार कळतो. ओकेटी-९ ने १९८० सालीही त्याच आकाराला धरलं होतं आणि आजही त्यालाच धरतं. मधल्या काळात बदलला तो आपण त्याला दिलेला अर्थ: आधी ल्युकेमियाची खूण, मग वाढीची, मग लोहाच्या भुकेची, आणि आता मेंदूकडे जाण्याच्या वाटेची. प्रत्येक वेळी अर्थ सुधारला तो कुणीतरी तेच प्रतिपिंड अपेक्षित नसलेल्या पेशीवर लावून पाहिलं म्हणून.

इथे थांबू.